विदर्भातल्या खेड्यात प्लेस्टेशन ५ स्लिम : सगळे ऋतू पाहिल्यानंतर

सोनीच्या प्लेस्टेशन ५ या टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्राची, म्हणजे कन्सोलची, स्लिम आवृत्ती भारतात ५ एप्रिल २०२४ रोजी आली, तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्या कन्सोलची किंमत ५४,९९० रुपये आणि ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल आवृत्तीची ४४,९९० रुपये होती. आमच्याकडे, म्हणजे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात, या यंत्राने उन्हाळा, पावसाळा आणि कापसाचा हंगाम असे सगळे पाहिले आहे. त्यावरून मी ठामपणे एवढेच सांगेन की ज्याच्या घरी फायबर इंटरनेटची जोडणी नाही, त्याने वरचे पैसे मोजून डिस्कवालाच कन्सोल घ्यावा. चित्राची स्पष्टता आणि फ्रेमचा वेग यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खेड्यात हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे डेटा, वीज आणि ऊन ठरवतात.

आजचे मोठे गेम १०० जीबीच्या आसपास जातात. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर असा एक गेम उतरवायला हिशेबाने ५० दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कुणी मोबाइलला हात लावला नाही तर. डिस्क घातली की गेमचा मुख्य भाग तिच्यावरूनच कन्सोलमधल्या एसएसडीवर (साठवणीच्या चिपवर) उतरतो आणि एकट्याने खेळायचे बहुतेक गेम अपडेटविना सुरू होतात. काही डिस्कांवर मात्र अर्धाच माल असतो व उरलेला इंटरनेटवरून घ्यावा लागतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचलेली बरी. मोठी अपडेट साचली की मी कन्सोल पिशवीत घालून नागपूरला चुलतभावाकडे नेतो आणि रात्रभर त्याच्या वाय-फायवर लावून ठेवतो. ड्राइव्हसह वजन ३.२ किलो असल्यामुळे एसटीच्या गर्दीतही ते मांडीवर धरून नेता येते.

पैशांचा हिशेबही डिस्कच्याच बाजूने लागतो. नवा गेम पाच हजारांच्या घरात पडतो, परंतु वापरलेली डिस्क नागपुरात पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळते, खेळून झाल्यावर पुन्हा विकता येते किंवा वर्ध्याच्या मित्राच्या डिस्कशी अदलाबदल करता येते. डिजिटल खरेदीत यांतले काहीच शक्य नाही. ज्यांना पहिल्या दिवशी पदरचे आणखी काही घालायचे नाही, त्यांच्यासाठी ॲस्ट्रोज प्लेरूम हा छोटा गेम कन्सोलमध्ये आधीच भरलेला असतो. आमच्या घरातील मुलांना तो अनेक आठवडे पुरला.

विजेबाबत थोडे सविस्तर लिहितो. मोठा गेम चालू असताना हा कन्सोल सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे रोज दोन तास खेळल्यास महिन्याला साधारण १२ युनिट होतात; त्यामुळे बिलाची धास्ती घेण्याचे कारण नाही. खरी अडचण वीज जाण्याची आहे. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज खाली येते, आणि डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला तर रात्र अंधारातच काढावी लागते. आमच्या इन्व्हर्टरला मागच्या बाजूस इको आणि यूपीएस असे बटण आहे. इकोवर असताना वीज जाताच कन्सोल बंद पडत असे. यूपीएसवर असताना बॅटरीकडे बदल इतका चटकन होतो की खेळ खंडित होत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा असावा. कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न होता झोपलेल्या अवस्थेत, असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नसल्याची सूचना येते आणि स्टोरेजची तपासणी सुरू होते. म्हणून झोपण्यापूर्वी मी तो पूर्ण बंद करतो, आणि मृगाच्या आधीच्या विजांच्या दिवसांत प्लगही काढून ठेवतो.

कंपनीच्या माहितीनुसार हा कन्सोल ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायचा आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कौलारू खोलीत दुपारी ३५ अंश हे स्वप्नच असते. नवतपा सुरू झाला की आम्ही फक्त पहाटे किंवा रात्री उशिरा खेळतो. कूलरच्या थेट झोतात कन्सोल ठेवण्याचा मोह होतो, परंतु वाळ्यातून येणारी ती हवा ओली असते आणि बारीक तुषारही आणते. माझा कन्सोल कूलरच्या बाजूच्या भिंतीजवळ, चारही बाजूंनी मोकळा ठेवलेला असतो.

उन्हाळ्यापेक्षाही कापसाने जास्त काम वाढवले. भाव वाढेल या आशेवर वेचलेला कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो आणि त्याचे तंतू घरभर उडत राहतात. संक्रांतीच्या सुमारास पंख्याचा आवाज चढला म्हणून वरचे पांढरे पॅनल काढले (ते हाताने निघते, स्क्रू लागत नाही), तर पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या तंतूंचा सलग थर बसलेला, जणू कुणी वात वळायला घेतली होती. चिमट्याने आणि मऊ ब्रशने तो काढल्यावर आवाज पूर्ववत झाला. याहून खोलवर स्वतः जाऊ नये, कारण प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रव धातू असतो आणि तो सांडल्यास बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दुकानात कन्सोल उघडायला देण्यापूर्वी हे दुकानदाराला माहीत आहे का, एवढे अवश्य विचारावे.

टीव्हीसाठी फार खर्च करू नये. गेम मोड (बटण दाबताच पडद्यावर उशीर न होऊ देणारी सोय) असलेला साधा ४३ इंची फोरके टीव्ही पुरतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्यामुळे तो थोडा स्वस्तही झाला आहे.

शेजारचे काकाजी अजूनही दारातून विचारतात, “पैसे लावून खेयतं काय रे?” पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, त्याचा या कन्सोलशी संबंध नाही, हे त्यांना मी प्रत्येक वेळी नव्याने समजावतो.

राहिला प्रश्न नव्या यंत्राची वाट पाहण्याचा. निन्टेंडो कंपनीचा ‘स्विच २’ हा कन्सोल जून २०२५ मध्ये परदेशात आला, परंतु तो येथे आयात करूनच घ्यावा लागला. प्लेस्टेशन ५ प्रो, म्हणजे याच कन्सोलची अधिक ताकदीची व महाग आवृत्ती, नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाला, तेव्हा सोनीने भारताला वगळले, कारण त्यातील वाय-फाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा येथे खुला नव्हता. शिवाय त्यात डिस्क ड्राइव्ह नाहीच. तो वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो आणि पहिल्यांदा इंटरनेटवरून जोडून घ्यावा लागतो. आमच्यासारख्या गावी त्या वाढीव किमतीत स्लिम, चांगला इन्व्हर्टर आणि वापरलेल्या दोन-तीन डिस्क घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.