लोरा ट्रॅकर बोर्ड: रेडिओ झकास, जीपीएसने १२ किलोमीटरवर हात टेकले

हवामानाचा फुगा सोडून त्याच्या मागे गाडी पळवायची खाज ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहितोय. ऑनलाइन मागवलेला ट्रॅकर आहे, लोरा रेडिओ (कमी पॉवरवर लांबवर थोडाथोडा डेटा पाठवणारा), यूब्लॉक्स कंपनीचा जीपीएस आणि एक प्रेशर सेन्सर, सगळं मिळून काडेपेटीहून जरासं मोठं, ३२०० रुपये. दुकानाचं नाव टाकत नाही, माणूस वाईट नाहीये, पण 'टेस्टेड अप टू ३० किमी', म्हणजे ३० किमी उंचीपर्यंत, असं ठोकून दिलंय आणि माझं सगळं रडगाणं त्यावरच आहे.

मी आणि भाचा, नोव्हेंबरात इंदूरहून देवास रोडला क्षिप्रा गावाच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतातून सोडला. परवानग्यांना दीड महिना लागला, ते पुराण वेगळं, पण त्याशिवाय सोडू नका, इंदूरला विमानं काय कमी येतात का. हेलियम सांवेर रोडवरून, ४७ लिटरचा सिलिंडर म्हणजे साधारण ७ घनमीटर गॅस, आम्हाला अडीचसुद्धा लागला नाही, उरलेल्याचे पैसे कोण परत देतो. भरताना जुगाड एकच, फुग्याच्या तोंडाला पाणी भरलेली कॅन बांधायची, १ किलो ८०० ग्रॅम, ती जमिनीवरून जेमतेम उचलली गेली की गॅस बंद. आमचा डबा पॅराशूट धरून ९०० ग्रॅम, म्हणजे तो उचलून वर ९०० ग्रॅमचा जोर उरतो, रिकामा फुगा ६०० ग्रॅमचा, त्या हिशोबाने सेकंदाला ५ मीटर चढायला हवा आणि तसाच चढला.

आता बोर्डाचं. रेडिओला १० पैकी १०, खरंच. ८६६ मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्याकडे या पट्ट्याला लायसन लागत नाही. सोबत आलेला स्प्रिंगसारखा अँटेना काढून मी साडेआठ सेंटीमीटरची सरळ तार सोल्डर केली, खाली लोंबती ठेवली, गाडीच्या टपावर रिसीव्हर, आणि शेवटपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पॅकेटं (रेडिओवरून येणारे डेटाचे तुकडे) हुकली असतील. मध्ये ना डोंगर ना बिल्डिंग, ३० किमीवरून तर क्षितिजच सहाशे किलोमीटर लांब असतं, त्यामुळे एवढीशी पॉवरही पुरते.

८:१० ला सोडला. भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे वाचून राहिला होता, ११,८१०, ११,९१०, ११,९६०. मग परत ११,९६०. परत ११,९६०. पॅकेटचा नंबर वाढतोय, बॅटरी येतेय, डब्यातलं तापमान येतंय, जागा मात्र तिथंच खिळलेली. म्हणे मामा, फुगा थांबला. म्हटलं अरे तो काय पार्क केलाय का. बरं प्रेशरवरून उंची काढावी तर तो सेन्सर ३०० हेक्टोपास्कलच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) खाली मोजतच नाही, म्हणजे ९ किमीच्या आसपास त्याचं दुकान बंद, त्याचे आकडे तर कधीचेच वेड्यासारखे येत होते.

सोनकच्छच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो, पोहे-जलेबी समोर, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोहे घशाखाली उतरेनात. तासाच्या वर असं गेलं. ९:५१ ला आकडा एकदम हलला, ११,७४०, आणि खाली येतोय! मग काय, प्लेटी तशाच टाकून पळालो. आष्ट्याच्या अलीकडे लसणाच्या शेतात पडला, आम्ही पोचायच्या आधीच शेतकऱ्याचा फोन, डब्यावर हिंदीत नंबर आणि 'डरें नहीं' लिहिलं होतं त्याचा फायदा, भिया आपका डब्बा म्हारा खेत में पड्यो है. पॅराशूटची नीट घडी घालून ठेवली होती बिचाऱ्याने.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. यूब्लॉक्सचे हे मॉड्यूल कारखान्यातून 'पोर्टेबल' मोडमध्ये येतात, त्यात उंचीची मर्यादा १२,००० मीटर. 'एअरबोर्न' मोड टाकला की ५०,००० पर्यंत चालतात. एक कमांड आहे फक्त, पण बोर्ड चालू झाला की दर वेळी पाठवायची, कारण या स्वस्तातल्या मॉड्यूलला लक्षात राहत नाही. दुकानाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डात भरून दिलेल्या प्रोग्राममध्ये, ती ओळच नव्हती. मग ३० किमी टेस्ट केलं कुठे, गच्चीवर?

आणि त्यामुळे आमचा फुगा किती उंच गेला हे आम्हालाच माहीत नाही. कॅमेऱ्यात ९१व्या मिनिटाला फुटताना दिसतो, त्यावरून २८ किमीच्या जवळपास, पण तो हिशोब झाला, माप नाही. आईला सांगितलं तर म्हणे मग एवढं वर पाठवलंत कशाला.

दुकानदाराला मेसेज केला तर उत्तर, सर अब तक किसी की कंप्लेंट नहीं आई. येणार कुठून, वर नेलंय कोणी. तिसऱ्या दिवशी नवीन फर्मवेअर मात्र पाठवलं, फुकट, आणि त्यात ती ओळ आहे, मी मॉड्यूललाच मोड विचारून बघितला, एअरबोर्न म्हणतो. म्हणून ३ स्टार, नाहीतर १च देणार होतो.

घ्यायचाच असेल तर प्रेशर सेन्सर नसलेला घ्या, ४५० रुपयांनी स्वस्त पडतो. सोबतची रिचार्जवाली बॅटरी पण नको, एकदाच वापरायचे लिथियमचे एए सेल टाका, उणे ४० पर्यंत चालतात. बाहेर उणे ७० असलं तरी थर्मोकोलच्या आत तेवढं होत नाही, आमच्या डब्यात सगळ्यात कमी उणे १४ आलं होतं.