लंगडी घोडी : होलो-बॉडी गिटारचे आठ महिने

काल दुपारी डबा खाताना मेसेज आला : "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती चांदण्या द्याल?" तक्रार जानेवारीतली. निवारण झालंय हे खरं आहे. फक्त ते मी, मिरजेतले एक तंबोरेवाले चाचा आणि वीस रुपयांचा पॉलिश पेपर अशा तिघांनी मिळून केलंय. तेव्हा चांदण्या राहू देत, काय झालं ते लिहितो.

गिटार कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. या किमतीतल्या पूर्ण पोकळ गिटारी ज्यांनी हाताळल्यात त्यांना कळेलच. मेपल प्लायचं अंग, दोन एफ-होल (इंग्रजी एफच्या आकाराची भोकं), दोन हंबकर (तारांचं कंपन पकडणारे पिकअप), मागे तारांची टोकं अडकवायचा, झोपाळ्यासारखा लोंबणारा टेलपीस आणि पोटावर नुसता टेकवलेला ब्रिज. डिसेंबरात बोनस झाला त्यातून घेतली, 38,000 रुपये. हिने खोकं उघडतानाच विचारलं होतं, "आतून पोकळ आहे ना, मग भरीव गिटारीपेक्षा महाग कशी?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

प्लाय म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच : गिब्सन कंपनीची 1949 सालची ईएस-175, जिच्यावर जॅझवाल्यांच्या पिढ्या पोसल्या, तिचं अंगही लॅमिनेटेड मेपलचंच. अॅम्पसमोर प्लाय जरा कमी बोंबलतं आणि सांगलीच्या पावसाळ्यात अख्ख्या लाकडापेक्षा कमी फुगतं. प्लायबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार घोडीबद्दल आहे. ब्रिजला मी घोडीच म्हणणार, कारण या सगळ्याचा शेवट मिरजेत झाला आणि तिथे घोडीच म्हणतात. भरीव गिटारीत घोडी स्क्रूने आवळलेली असते, ती विसरून गेलं तरी चालतं. इथे ती लाकडी पायावर उभी असते आणि पाय गिटारच्या फुगीर पोटावर. ना खिळा, ना डिंक, तारांच्या दाबावर सगळा संसार. तारेचं कंपन लाकडात उतरायचं ते या पायांतूनच. म्हणजे पाय पोटाच्या गोलाईला तंतोतंत बसलेले हवेत. माझ्या गिटारीत मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर दोन्ही पायांच्या कडांखालून उजेड यायचा. एका बाजूने लग्नपत्रिकेचं पाकीट अर्ध्यापर्यंत आत गेलं! पाय मधल्या बोटभर जागेवर टेकलेले, बाकी हवेत. आवाज कसा? तेलाच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा.

बाकीही बरंच होतं. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेची उंची 3 मिलिमीटर, नट (मानेच्या टोकाची, तारा खाचांत बसवणारी पट्टी) प्लॅस्टिकचा आणि खाचा उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर एफ धरताना बोटांना घाम. पण ही नव्या गिटारीची नेहमीची रडगाणी झाली. माझं डोकं अडकलं ते घोडीखालच्या त्या उजेडात. रात्री लाइट घालवून टॉर्च मारून बघायचो. हिने एकदा विचारलं, पाल शोधताय का?

कस्टमर केअरला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, नैसर्गिक प्रकाशात पुन्हा पाठवा. (नैसर्गिक प्रकाशात टॉर्चचा उजेड दिसणार कसा, हे विचारलं. उत्तर नाही.) मग फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, सगळ्या तारा काढून पुन्हा लावून बघा." मी बघितलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशा गिटारीच्या सगळ्या तारा एकदम कधीही काढू नका. एकेक काढा, एकेक चढवा. तारा गेल्या की घोडीला धरणारं कुणी उरत नाही. ती पडली, टेलपीसही खाली आला आणि पोटावर तीन इंचांची ओरखडी उमटली. तोही फोटो पाठवला. यावर मात्र तासाभरात उत्तर : वापरातून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, सेवा केंद्र परराज्यात आहे, जाण्यायेण्याचं भाडं ग्राहकाचं.

त्या रविवारी पॉलिश पेपर आणला. घोडीच्या जागेच्या कडेने आधी मास्किंग टेपच्या खुणा केल्या. मग त्या जागेवर 80 नंबरचा पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवला, त्यावर घोडीचा लाकडी पाया ठेवला आणि तारांच्या दिशेने अर्धा-पाऊण इंच मागेपुढे घासत बसलो. गिटारचं पोटच साचा, पाया त्यावर आपोआप कोरला जातो. एकच पथ्य, हात डगमगू द्यायचा नाही, नाहीतर कडा गोल होतात आणि पुन्हा उजेड. कुठे टेकतंय ते बघायला ऑफिसच्या शाखेतून कार्बन पेपर आणला (अजून मिळतो, शिपाईमामांना विचारावं लागतं). दातांचे डॉक्टर कवळी बसवताना निळा कागद चावायला देतात ना, तसंच. कार्बन शाईची बाजू वर करून ठेवायचा, पाया दाबायचा, उचलायचा. काळे ठिपके जिथे, तिथे अजून उंचवटा. सुरुवातीला प्रत्येक पायावर एकेक ठिपका होता. तासाभराने कडेला रेघ आली. शेवटी 220 च्या पेपरने गुळगुळीत केल्यावर दोन्ही पाय पूर्ण काळे. उजेड बंद.

तारा चढवल्या आणि पहिलाच ए मायनर वाजवला तर बाहेरच्या खोलीतून विचारणा, "अॅम्प लावला का?" लावला नव्हता.

इथवर मी मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत "घेऊ नका" असंही होतं. ते आज खोडलं. आणि मधल्या भागात जे लिहिलं होतं की या गिटारीतल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ घोडी आहे, तेही खोडलं.

कारण घोडी बसल्यावर नवीनच प्रकार सुरू झाला. कॉर्ड तोडून थांबवला, सहाही तारांवर पंजा ठेवला, तरी मागे काहीतरी किणकिणत राहायचं. शेजारच्या घरात देवघरात कुणी घंटा हलवतंय इतकं बारीक. अॅम्पमधून जास्त, साधं वाजवताना कमी. आधी ते डबड्या आवाजात बुडालेलं असणार. मी घोडीवरच संशय घेतला, पूर्वीचा गुन्हेगार म्हणून. तिचे स्क्रू आवळले, सॅडल्सखाली (तारा टेकतात त्या तुकड्यांखाली) टेप लावला. मग पिकगार्ड काढला, ट्रस रॉडचं (मानेतल्या सळईचं) झाकण काढलं, खुंट्यांचे नट आवळले. कस्टमर केअरचं म्हणणं पडलं, "सर, होलो-बॉडीत असा आवाज स्वाभाविक असतो." मी फोनवर आवाज चढवला. दोन महिने यात गेले. 4,500 ची नवी घोडी आणि 9,000 चे पिकअप कार्टमध्ये टाकून ठेवले होते. चिक्कूपणा कामी आला, बटण दाबवेना.

मिरजेला गेलो ते वेगळ्याच कामाला. मला फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) तारा चढवायच्या होत्या, डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स, जाडी 12 ते 52 (इंचाचे हजारावे भाग). कारखान्यातून आलेल्या 10 ते 46 होत्या, त्यामुळे जाड तारा नटच्या खाचांत शिरेनात. जबरदस्तीने बसवली की खुंटी पिळताना तार अडकायची आणि "टिंग" करून एकदम अर्धा सूर वर उडी मारायची. खाचा रुंद करायला बारीक कानस लागते, ती माझ्याकडे नाही. गिटारची कामं करणारा माणूस पुण्यात. मग म्हटलं, दहा किलोमीटरवर अख्खी सतारमेकर गल्ली आहे. पिढ्यान्पिढ्या भोपळे कोरणारी, हाडाच्या घोड्या घासणारी माणसं आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना नटच्या सहा खाचा जड आहेत का?

चाचांनी गिटार उलटी केली, पोटावर टिचकी मारली. "तबली प्लायची आहे की." मग मी न सांगता घोडीच्या पायाखालून दोरा ओढून बघितला. दोरा शिरला नाही. "कुणी बसवली?" मी म्हटलं, मी. "बरी बसवलीय." सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला असा शेरा कुणी दिलेला नाही.

नट त्यांनी घासला नाहीच. प्लॅस्टिक काढून टाकलं आणि उंटाच्या हाडाचा नवा घडवला, तंबोऱ्याच्या घोडीला वापरतात त्यातलाच तुकडा. खाचा इतक्या नेमक्या की पहिल्या फ्रेटचा एफ आता करंगळीनेही दाबला जातो. चारशे रुपये घेतले. मी निघता निघता किणकिणीचं गाऱ्हाणं घातलं. ते म्हणाले, वाजवा आणि थांबवा. मी वाजवत, थांबवत राहिलो आणि ते बोटाने एकेक जागा दाबत गेले. खुंट्या, पिकअपच्या कडा, पिकगार्ड, टेलपीसची बिजागरी. मग घोडीच्या मागे, घोडी आणि टेलपीस यांच्या मधल्या तारांवर आडवा पंजा टाकला. आवाज गेला.

म्हणजे एवढंच! घोडीच्या पुढची तार वाजते तेव्हा मागचा उरलेला सहा इंचांचा तुकडाही आपल्या सुरात थरथरतो आणि पंजा पुढे ठेवल्याने तो थांबत नाही. गिटार पोकळ, कंपन मोकळं, म्हणून जास्त ऐकू येतो. चाचांनी पेटीच्या कामातल्या लाल फेल्टची पट्टी कापली आणि मागच्या तारांतून खालीवर विणली, खाटेच्या नवारीसारखी. फेल्टचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं लोक जवारी (घोडीवरून निघणारा तारेचा गुंजता नाद) खुली करायला येतात, तार बोलली पाहिजे म्हणून. तुम्ही पहिले, जे गप्प करायला आलात."

कस्टमर केअरचं "स्वाभाविक" अर्धं बरोबर निघालं, हे मला अजून पचलेलं नाही. पण स्वाभाविक असेल तर फेल्टची पट्टी घाला म्हणून सांगायला काय जातं?

फ्लॅटवाउंडबद्दल. पाकिटाला 1,700 रुपये, हे पहिल्यांदा ऐकून मी दुकानातून परत आलो होतो. आता सांगतो, या गिटारीवर पहिला खर्च हाच करा, पिकअपचा विचारही करू नका. या तारांवरचं वेटोळं चपटं असतं, त्यामुळे बोट सरकवताना तो चर्रर्र आवाज नाही, मींड काढावी तसं बोट घसरतं. चकाकी कमी होते, सूर गोल होतो. रॉक वाजवणाऱ्यांना मेलेल्या वाटतील. शिवाय टिकतात. काही महिने झाले, गंज नाही. खर्च भागिले महिने केला तर जुन्या तारांपेक्षा स्वस्त पडतात, हे मी वहीत मांडून हिला दाखवलंय.

जाड तारांनी ताण वाढतो, मान पुढे झुकते, हे लक्षात ठेवा. ट्रस रॉड पाव फेरा आवळला, मग एक दिवस तशीच ठेवली. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्याजवळ किती फट राहते ते बघायला स्कूटरवाल्याकडून टॅपेट सेट करायचं फिलर गेज आणलं. 0.25 मिलिमीटरची पट्टी जेमतेम सरकते, पुरे. मग घोडीची चाकं फिरवून जाड तार 2 मिलिमीटरवर, बारीक 1.6 वर. सूर सगळ्यात शेवटी. घोडी आधी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराच्या दुपटीवर ठेवायची, जाड तारेकडून किंचित मागे तिरकी, आणि मग सॅडलने उरलेलं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथेच नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या हार्मोनिकपेक्षा चढा लागला तर सॅडल मागे. जागा पक्की झाली की पायाभोवती पेन्सिलने खूण करा, पुढच्या वेळी शोधत बसू नका.

स्टेजवर मात्र फजिती झाली. शाखेच्या कार्यक्रमात अॅम्प तीनच्या पुढे नेला आणि गिटार हंबरायला लागली, साहेबांच्या भाषणाच्या आधीच. पोकळ अंगाचा हा मूळ स्वभाव, अॅम्पचा आवाज पोटात शिरतो आणि पुन्हा तारा हलवतो. गिब्सनने 1980 मध्ये ब्लूजवाल्या बी. बी. किंगसाठी काढलेल्या लुसील मॉडेलला याच कारणाने एफ-होलच ठेवले नाहीत. मी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेली काळी फोम शीट एफ-होलच्या आकारात कापून बसवली. लांबून कळतही नाही. आता पाचपर्यंत निभावते, आणि अॅम्पकडे तोंड करून उभं राहायचं नाही हेही शिकलो.

जॅकचं (अॅम्पची वायर खुपसायच्या खोबणीचं) दुखणं अजून आहे. त्याचा बाहेरचा नट सैल होतो, आणि मे महिन्यात तर जॅक वायरसकट पोटातच पडला. पूर्ण पोकळ गिटारीला मागे झाकण नसतं, सगळं एफ-होलमधून. लेंग्याची नाडी आत गेल्यावर जे करतो तेच केलं, जॅकच्या भोकातून दोरा आत सोडला, एफ-होलमधून बाहेर काढला, टोकाला जॅक बांधला आणि ओढला. चाळीस मिनिटं आणि दोन शिव्या. त्यानंतर दातेरी वॉशर घातलाय, तरी महिन्यातून एकदा पान्हा लावावा लागतो.

सध्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय, म्हणून गिटार कपाटावर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पाणी उतरलं की मिरजेला जाणार आहे. चाचांना जॅक दाखवायचाय, आणि त्यांनी विचारलंय, प्लायऐवजी भोपळ्यावर पिकअप बसेल का ते.