समुद्रातल्या तेलविहिरींवर जगणाऱ्या छोट्या धंद्याला काय बरं, बंदी की लटकलेलं परमिट?

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या किनाऱ्याने दोन्ही भोगलंय म्हणून तुलना करता येते. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ जण गेले, आणि मे अखेरीस ओबामा सरकारने खोल समुद्रातल्या ड्रिलिंगवर सहा महिन्यांची बंदी घातली, ३३ रिगचं काम ठप्प.

बंदी वाईटच, पण निदान तारीख होती ना. सहा महिने कळ काढायची, पोरांना रंगकाम-डागडुजीला लावायचं, कारण चांगला वेल्डर एकदा सोडला की परत मिळत नाही.

परमिटचं, म्हणजे विहीर खोदायच्या सरकारी परवानगीचं, तसं नाही. बंदी १२ ऑक्टोबरला उठली, पण कागदावर! खोल पाण्यातलं पहिलं परमिट आलं थेट २८ फेब्रुवारी २०११ ला, तेही आधीच मध्येच थांबवलेल्या विहिरीचं. नियम नवे, विहीर फुटली तर आवरणार कशी ते आधी दाखवा (हे रास्तच होतं म्हणा), आणि उथळ पाण्यावर ही बंदी नसूनही तिथल्या फायली पण रखडल्या.

आता तिथल्याच पोर्ट फोर्शॉन बंदरातला सप्लाय बोटवाला बघा, त्याचा धंदाच रिगवर पाइप, डिझेल, ड्रिलिंगचा मड (खोदताना विहिरीत सोडतात तो चिखलासारखा द्रव) आणि किराणा पोचवायचा, बोट धक्क्याला बांधलेली असली तरी कर्जाचा हप्ता आणि विमा चालूच, आणि बँकेला सांगणार काय, परमिट कधी येणार ते? रिगचं बरं असतं, ओशन एंडेव्हर नावाची रिग सरळ इजिप्तला गेली, रिगवर जेवण पुरवणारा केटरिंगवाला कुठे जाणार?

मला विचाराल तर छोट्या धंद्याला तारखेची बंदी परवडली.