मिशिगनचे सीझन तिकीट : आठ सामन्यांत पैसे नेमके कशाचे?

ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममधले, मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे 2024 चे सीझन तिकीट (हंगामातल्या घरच्या सर्व सामन्यांचे एकत्र तिकीट) घेताना घरच्या मैदानावर आठ सामने आहेत, एवढेच मी पाहिले होते. त्यांतले पाहण्याजोगे किती, हा हिशेब नंतर मांडला. मिशिगन ज्या विद्यापीठ-संघांच्या गटात (कॉन्फरन्समध्ये) खेळते, त्या बिग टेनमध्ये (नाव टेन असले तरी आता संघ अठरा आहेत) हंगामातल्या बारापैकी नऊ सामने गटातल्या भाऊबंदांशीच खेळावे लागतात, आणि ओहायो स्टेटशी होणारी लढत सम वर्षी त्यांच्या कोलंबसला होत असल्यामुळे ज्या सामन्याची इथली माणसे वर्षभर वाट पाहतात, तो या तिकिटात मुळातच नव्हता.

उरलेले तीन नॉन-कॉन्फरन्स (गटाबाहेरचे) सामने विद्यापीठ आपल्या सोयीने ठरवते. लहान संघाला ठरावीक रक्कम देऊन बोलवायचे, परतीच्या सामन्याची बांधिलकी ठेवायची नाही आणि एक लाखाहून अधिक प्रेक्षकांची तिकीटविक्री पदरात पाडून घ्यायची, असा हा बहुतेक वेळा रोखीचा व्यवहार असतो. 2023 मध्ये ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही आणि बोलिंग ग्रीन असे तिन्ही पाहुणे लिंबूटिंबूच होते. अर्थात 2007 मध्ये ॲपलाचियन स्टेट या अशाच लहान संघाने याच मैदानावर मिशिगनला 34-32 असे हरवले असल्याने हा शब्द इथे जरा हळू आवाजातच उच्चारावा.

2024 च्या तिकिटातही फ्रेस्नो स्टेट आणि अर्कान्सा स्टेट होतेच. त्यांपैकी दुसऱ्या सामन्याचे तिकीट मी विकायला काढले, तर पार्किंगचाही खर्च निघाला नाही. मात्र टेक्सासचा सामना, 31-12 असा हरूनही, पैसे वसूल करून गेला. त्याहून मोठी मेजवानी यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) सामन्याची ठरली. शेवटच्या मिनिटात चौथा डाउन (म्हणजे चार प्रयत्नांतला शेवटचा), गोलरेषा एका यार्डावर, पाठ टेकायची सोय नसलेल्या बाकांवरून सगळे स्टेडियम उठून उभे, आणि 37 सेकंद बाकी असताना मिशिगनच्या कॅलेल मलिंग्जने चेंडू आत नेला : 27-24. पुढच्याच शनिवारी मिनेसोटाविरुद्धही धावफलक नेमका तोच लागला आणि 1903 पासून ज्याच्यावरून हे दोन संघ भांडत आले आहेत, तो ‘लिटल ब्राउन जग’ हा चषकासारखा जिंकायचा मातीचा जुना घडा इथेच राहिला.

विषम वर्षी ओहायो स्टेट आणि सम वर्षी बाहेरचा एखादा तगडा पाहुणा, म्हणजे 2024 ला टेक्सास आणि 2026 ला ओक्लाहोमा, असा समतोल या वेळापत्रकात दिसतो. 2025 मध्ये ओक्लाहोमाचा सामना त्यांच्या मैदानावर असल्यामुळे घरच्या वाट्याला न्यू मेक्सिको आणि सेंट्रल मिशिगनच आले. त्यामुळे एकाच वर्षाचे तिकीट घ्यायचे झाल्यास मी सम वर्ष निवडेन; ओहायो स्टेटसाठी विषम वर्षी त्या एका सामन्याचे तिकीट वेगळे घ्यावे, महाग पडले तरी.