रस्ट रिमूव्हर लिक्विड: पत्र्याला घ्या, सुट्या पार्टला नको

घरी जुनी फियाट उभी करतोय, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीवाली, त्यामुळं गंज काढायला बाजारात जे जे मिळतं ते वापरून बघणं चालूच असतं. हा रिव्ह्यू हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्या फॉस्फोरिक अॅसिडवाल्या लिक्विडचा.

पत्र्यावर काम लै भारी करतंय. दाराची खालची कड, फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, असले भाग काय टबात बुडवता येत नाहीत, तिथं ब्रशनं लावायचं, लाल गंजाचा काळपट राखाडी थर होतो (ते लोखंडाचं फॉस्फेट) आणि त्याच्यावर प्रायमर चांगला धरतो. पण आधी वायर ब्रशनं पोपडे काढायलाच लागतात, जाड पापुद्र्यावर नुसतं ओतलं तर वरचं काळं होतं आणि आत गंज आहे तसाच.

आता डब्यावर लिहिलंय अर्धा तास ओलं ठेवा, ते लिहिणारा माणूस एप्रिलमध्ये सोलापूरला कधी आलेला नसणार. पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याला हात लावता येत नाही, लिक्विड बघता बघता सुकतं आणि चिकट पांढरट राप उरतो, तो न पुसता वर प्रायमर मारला तर पुढं रंग फुगणारच. म्हणून सकाळी लवकर, सावलीत, आणि वरून प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवायचा म्हणजे ओल टिकते. नंतर ओल्या फडक्यानं पुसून काढायचं.

सुट्या पार्टसाठी मात्र मी यावर पैसे घालणार नाही. बिजागऱ्या, ब्रॅकेट, जॅक, साधे नट-बोल्ट यांना किराणा दुकानातलं लिंबूसत्त बास झालं. आधी डिझेलनं ग्रीस काढायचं, मग कोमट पाण्यात लिटरला ५० ते १०० ग्रॅम टाकून बुडवून ठेवायचं, अधूनमधून ब्रश मारायचा, गंज सुटला की बाहेर, उगाच दिवसेंदिवस ठेवलं तर चांगलं लोखंड पण खातं. खरी कटकट धुण्याची आहे, आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही आणि बोरचं पाणी क्षाराचं, धुवून ठेवलेल्या पार्टवर जरा वेळात परत केशरी झाक येते. खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पुसून लगेच उन्हात टाका, पत्र्याच्या कामात नडणारं तेच ऊन इथं कामाला येतं, आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. रंग द्यायचा असेल तर तेल नको, सरळ प्रायमर.

कार्बोरेटर, अॅल्युमिनियमचं काहीपण, यातल्या कशातच बुडवू नका बे. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट (जास्त ताण सोसणारे, कडक पोलादाचे) पण नाही, अॅसिडमुळं हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, मग लोडवर तुटलं तर काय करणार, त्यांना वायर ब्रशच बरा. आणि गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो की संडास साफ करायचं अॅसिड टाका, त्यानं गंज निघतो हे खरं, पण त्याच्या वाफेनं शेजारी ठेवलेले पाने-पकड पण गंजतात, शिवाय तो वास.

लिक्विडला पाचपैकी साडेतीन देतो, ते पण फक्त पत्र्यासाठी. हातमोजे आणि गॉगल घालूनच लावा, दाराच्या आतून लावताना तोंडावर थेंब येतातच. घ्यायचं तर छोटी बाटली घ्या, मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, पण दारं आणि फ्लोअर एवढ्याला तेवढं लागत नाही. खाली जुनं पोतं नको, प्लास्टिकचा ट्रे ठेवा, कारण शहाबादी फरशीवर सांडलं की फेस येतो आणि पडलेला डाग काय केल्या जात नाही, मग घरातल्यांची बोलणी वेगळी.