'डीएनए प्रमाणित' संकरित मधपेट्या : कोकणातल्या बागायतदारांनो, सावध

राजापूर-लांज्याकडे काजूच्या बागांतून एक जण 'डीएनए प्रमाणित संकरित सातेरी'च्या (सातेरी म्हणजे आपली रानातली मधमाशी) मधपेट्या विकत फिरायचा. गुळगुळीत रंगीत पत्रक, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, आणि जिभेवर साखर. "काका, आई सातेरी, बाप इटालियन. मध तिप्पट, आणि पावसात पेटी सोडून पळायची भानगड नाही." भाव नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, तोही आगाऊ. माझ्याकडून चार पेट्यांचे पैसे नेले.

मुळात असा संकर होतच नाही. सातेरी म्हणजे एपिस सेराना, इटालियन म्हणजे एपिस मेलिफेरा. दोन वेगळ्या जाती. शास्त्रज्ञांनी कृत्रिम रेतन करून पाहिलं, तरी त्या अंड्यांतून माशी तयार होत नाही, गर्भ सुरुवातीलाच मरतो. शिवाय ज्या कागदावर 'संकरित', त्याच कागदावर खाली 'शुद्ध वंश 100 टक्के'! वंश शोधताना बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पाहतात, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात पत्ताच लागत नाही. राणी तर उडता उडता दहा-वीस नरांशी जुगते, म्हणजे एकाच पेटीत इतक्या बापांच्या लेकी नांदतात. रोगराईत वसाहत तगते ती बरीचशी या सरमिसळीमुळेच. 'शुद्ध' असणं ही मिरवायची गोष्टच नव्हे.

पेट्या आल्या. शेजारच्या अण्णांनी झाकण काढलं आणि म्हणाले, "ह्या तर आपल्याच रानातल्या सातेऱ्या!" ढोलीतली पोळी कापून चौकटींना सुतळीनं बांधलेली, कडा वेड्यावाकड्या. नरांच्या बंद घरांवर टोपीसारखं झाकण, आणि प्रत्येक टोपीच्या टोकाला टाचणीएवढं भोक. ही खूण सातेरीची, मेलिफेराच्या घरांना असं भोक नसतं. दोन पेट्यांत राणीच नव्हती. एकेका घरात दोन-तीन अंडी, ती कामकरी माश्यांनी घातलेली, आणि त्यांतून निपजतात फक्त नर. मोहोर संपेतो त्या दोन्ही पेट्यांत मेणकिडा (पोळं पोखरणारी अळी) शिरला.

'थाय सॅकब्रूड होणार नाही' हीसुद्धा त्याची हमी होती. हा तोच विषाणू, ज्यानं 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. अशी हमी कोणी देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

पेटी घ्यायची तर माश्या ये-जा करत असताना घ्या. चौकट उचलून राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, निदान एका घरात एकच अंडं आहे का ते तरी बघा. पावतीवर माशीची जात, राणी असल्याचा उल्लेख आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'पेटी व साहित्य' लिहिलंय, त्यामुळे ग्राहक आयोगात काय मांडायचं यावरच वकिलांचं घोडं अडलंय.

त्याचा फोन बंद आहे. तेच पत्रक, वर नवा नंबर चिकटवलेला, आता दापोलीच्या बाजूला दिसलंय म्हणतात.