वेब अ‍ॅप डेबियनवर: डेब पॅकेज की डॉकर इमेज?

आपलं वेब अ‍ॅप डेबियनवाल्यांना (डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार) कसं द्यावं, यात एक मित्र अडकलाय: डेब पॅकेज, म्हणजे डेबियनची स्वतःची इन्स्टॉल करायची फाइल, की डॉकर इमेज, म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा?

मेहनत बघाल तर इमेज सोपी. डॉकरफाइल (इमेज कशी बांधायची याची कृती) लिहिली की बरंचसं झालं. डेबमध्ये घाम फुटतो तो जावास्क्रिप्टमुळे. डेबियनच्या अधिकृत भांडारात जायचं तर बिल्ड (सोर्समधून पॅकेज बांधणं) चालू असताना इंटरनेटवरून काही ओढता येत नाही, मिनिफाय केलेल्या (आक्रसून लहान केलेल्या) फाइलचा मूळ सोर्सही द्यावा लागतो. एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररींचं भांडार) येणाऱ्या लायब्ररींची शेपटी किती लांब असते, हे वेगळं सांगायला नको!

देखभालीत मात्र पारडं फिरतं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं, तर डेबवाल्याला अ‍ॅप्टने (डेबियनचं पॅकेज लावायचं साधन) अपग्रेड आणि सर्व्हिस रीस्टार्ट पुरतं. इमेज पुन्हा बांधून वाटावी लागते. जागाही डेबला कमी.

दर आठवड्याला नवी आवृत्ती काढत असाल तर इमेज. एकदा लावून वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांसाठी डेब.